जिवंत पहारा

जायफळ घातलेलं दूध प्यायलं की गाढ झोप लागते, असं सांगणारी माणसं बहुधा दुधाआधीच पेंगत असतात. ऋतुजा बोरकुटेनं दूध पिऊन पाहिलं. खसखस वाटून खाल्ली. तिच्या नवऱ्यानं, प्रसन्ननं, आठवडाभर तिचे तळपाय तूप लावून काशाच्या वाटीनं घासले. वाटी काळी पडली, प्रसन्न घोरायला लागला आणि ऋतुजा छताकडे बघत राहिली. ऑफिसातल्या एकीनं भ्रामरी शिकवली, दुसरीनं पहाटे हिरव्या गवतावर अनवाणी चालायला सांगितलं. नागपुरात एप्रिल-मे महिन्यात हिरवं गवत कुठून आणायचं, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

झोप लागत नव्हती असंही नाही. साडेदहाला पाठ टेकली की लागायची. पावणेतीनला मात्र कुणी खांदा धरून हलवावं तसे डोळे खाडकन उघडायचे, आणि मग उजाडेपर्यंत मिटायचं नाव नाही. सकाळी आरशात दिसणाऱ्या बाईचा तिला राग यायचा.

हे सगळं चालून गेलं असतं, तिची नोकरी दुसरी कुठली असती तर. ऋतुजा विदर्भाच्या हवाई रुग्णवाहिकांच्या नियंत्रण केंद्रात होती. वैमानिक नसलेली ही लहान विमानं गडचिरोलीतून, मेळघाटातून साप चावलेल्यांना, अडलेल्या बाळंतिणींना, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना घेऊन नागपूरला यायची. उडायचं काम यंत्राचं. कुणाला आधी उतरवायचं, वादळातून न्यायचं की वळवायचं, हा निर्णय माणसाचा. एका माणसाकडे एका वेळी आठ विमानं. अकरा एप्रिलला एटापल्लीहून निघालेल्या विमानानं पडद्यावर प्रश्न विचारला, आणि ऋतुजा अकरा सेकंद बसल्या जागी झोपली होती. विमानात नऊशे ग्रॅमचं बाळ होतं. यंत्रानं उत्तराची वाट बघून आपणहून वळण घेतलं आणि बाळ वाचलं, पण समोरच्या कॅमेऱ्यानं तिचे मिटलेले डोळे टिपून ठेवले होते.

नोटीस आली. महिनाभरात लागोपाठ सहा रात्री अखंड झोप, झोप मोजणाऱ्या कपाळपट्टीच्या नोंदीसह. गोळ्या चालणार नाहीत, कारण गोळीच्या झोपेचा जडपणा दुसऱ्या दिवशी हातात उतरतो. जमलं तर ठीक, नाहीतर खुर्ची सोडायची आणि तळमजल्यावर जुन्या फायलींच्या खोलीत बसायचं. ती खुर्ची मिळवायला ऋतुजानं सात वर्षं घासली होती. ती खुर्ची गेली तर आपल्यात उरतं काय, हा प्रश्न तिला खरंच पडत होता, आणि रोज पावणेतीनलाच पडत होता.

केंद्रानं तिला डॉ. चांदूरकरांकडे धाडलं. हा पन्नाशीचा, चिडका, पण विषय समजावून सांगताना खुलणारा माणूस. दूध, वाटी, गवत ही सगळी यादी त्यांनी ऐकून घेतली आणि हे वाईट नाही, फक्त अपुरं आहे, असं म्हणाले.

माणूस रात्रभर एकसारखा झोपत नाही, त्यांनी सांगितलं. दर दीड तासानं मेंदू वर येतो, आजूबाजूला सगळं ठीक आहे ना याची चाहूल घेतो आणि पुन्हा बुडी मारतो. सकाळी आपल्याला ते आठवतही नाही. ताणाखाली असलेल्या माणसाचं शरीर मात्र या तपासणीच्या वेळी धोका असल्यासारखं वागतं. ताणाचं रसायन रक्तात चढतं, चाहूल लांबते, आणि चाहूल लांबली की जाग येते. आता प्रश्न असा, की मेंदू चाहूल कसली घेतो? माणूस लाखो वर्षं टोळीनं झोपला. टोळीत कुणी ना कुणी जागं असायचं. मेंदू वर आला की त्याला फक्त एवढंच हवं असायचं, की आपल्या ओळखीचं कुणीतरी जागं आहे. त्याचं खोकणं, कूस बदलणं, काटकी मोडणं. तो आवाज आला की मेंदू म्हणायचा, पहारा आहे, झोप.

सहा वर्षांपूर्वी संशोधकांना मेंदूतली ही जागा सापडली. योग्य माणसाच्या जागेपणाचा आवाज योग्य क्षणी कानावर पडला, तर ताणाची लाट तिथल्या तिथे ओसरते. औषध नाही, गोळी नाही. यापेक्षा नैसर्गिक उपाय माणसाकडे कधी नव्हताच. मात्र पहारेकरी कोण, हे आपण ठरवत नाही. खऱ्या भीतीच्या वेळी, आजारपणात, बाळंतपणात जे माणूस जागं होतं, त्याची नोंद मेंदू एकदाच करतो आणि ती पुसत नाही. त्या माणसावर आपला जीव आहे की नाही, याच्याशी त्या नोंदीला देणंघेणं नसतं.

मग आवाज टेप करून लावता येईल, ऋतुजा म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली. लोकांनी ते करून पाहिलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री मेंदू ओळखतो की खोकला तोच आहे, इकडे कुत्रं भुंकलं तरी पलीकडच्या माणसाचे हात थांबत नाहीत. खोटा पहारा मेंदू खपवून घेत नाही. पहारेकरी खराच जागा हवा. तो आपल्या घरी असला तरी चालतं, मधे तार असली म्हणजे झालं. त्याच्या खोलीतला आवाज इकडे, इकडचा तिकडे. आणि त्याची लेखी संमती हवी.

पहारेकरी शोधायला आवाजाचे नमुने लागणार होते. ऋतुजानं घरच्या-ओळखीच्या सतरा माणसांच्या ध्वनिफिती आणल्या. कपाळावर पट्टी, कानात आवाज, समोर पडद्यावर ताण दाखवणारी हिरवी रेघ. प्रसन्नचा आवाज लागला, रेघ ढिम्म. आईचा लागला, रेघ जराशी हलली आणि परत वर गेली. वडील, मामा, वसतिगृहातली मैत्रीण, कुणाच्याच आवाजानं काही झालं नाही. शेवटी आईचाच आणखी एक नमुना म्हणून तिनं आणलेली जुनी फीत लागली. मुलाच्या पाचवीची. मूल जन्मलं की पाचव्या रात्री सटवाई त्याच्या कपाळी नशीब लिहायला येते म्हणतात. पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आणि पेन ठेवायचं, आणि बाळ-बाळंतिणीजवळ कुणीतरी रात्रभर जागायचं.

फितीत आईचं बोलणं होतं, भांड्यांचा आवाज होता, आणि मग अकरा वर्षांपूर्वीची ऋतुजा स्पष्ट ऐकू आली. "प्रणालीताईंना आत नका येऊ देऊ. त्यांना मूल नाही. आजच्या दिवशी त्यांची सावली नको माझ्या बाळावर."

चांदूरकर पडद्याकडेच बघत राहिले. त्यांची मदतनीस मुलगी खाली वाकून नसलेली वायर शोधायला लागली. ऋतुजाचे कान तापले. आणि त्याच वेळी, फितीत दाराबाहेर फरशीवर काहीतरी खट्‌ वाजलं, आणि हिरवी रेघ धाडकन तळाला गेली. थोड्या वेळानं पुन्हा खट्‌. रेघ तळालाच.

"कात्री वाटते," डॉक्टर म्हणाले. "कुणाची?"

ऋतुजाला माहीत होतं. प्रणाली तिची थोरली जाऊ. साड्यांना फॉल लावायचं काम करायची, हातशिलाईनं. दोरा कापायचा, कात्री फरशीवर ठेवायची. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून ऋतुजाचं बाळंतपण सासरीच झालं होतं; आई फक्त पाचवीपुरती आली होती. अन्वय दिवस भरायच्या आधी आला, निळा पडायचा, आणि ऋतुजानं चार रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. पाचव्या रात्री तिला पहिल्यांदा झोप लागली. त्याचं श्रेय तिनं पाटा-वरवंट्याला दिलं होतं आणि पुढे दरवर्षी सटवाईला नारळ वाहिला होता. दाराबाहेर हाकललेली जाऊ तिथेच बसून रात्रभर फॉल लावत होती, हे तिच्या कानांना कळलं होतं. तिला कळलं नव्हतं.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढेच होती. दोन्ही जावा त्यानंतर नऊ वर्षं एकाच घरात, एका भिंतीच्या अल्याड-पल्याड राहिल्या. प्रणाली रात्र-रात्र जागायची आणि कात्री वाजायची. आणि दोन वर्षांपूर्वी ऋतुजानं याच कात्रीवरून घर डोक्यावर घेतलं होतं. तुमच्या खटखटीनं माझी झोपमोड होते, मला सकाळी लोकांचे जीव वाचवायचे असतात, तुमच्यासारखे काठ नसतात शिवायचे, असं तोंडाला येईल ते बोलून ती एकोणिसाव्या मजल्यावरच्या, दुहेरी काचांच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. त्या दुहेरी काचांसाठी तिनं खास आग्रह धरला होता. नोकरीचा ताण आधीही तेवढाच होता. झोप मोडायला लागली ती इथे आल्यावर.

तिला रडू आलं नाही. आला तो संताप. आणलेली सतरा माणसं सोडून मेंदूनं निवडून काढली ती ही बाई. घरी आल्यावर तिनं प्रसन्नला सांगितलं. त्याचं म्हणणं, तो वहिनीसमोर जाऊन उभा राहणार नाही, तिला जायचं असेल तर तिनं जावं. पाचवीच्या त्या दिवशी तो खोलीतच होता आणि काही बोलला नव्हता, एवढं मात्र त्यानं कबूल केलं.

रविवारी दुपारी ऋतुजा संमतीचा कागद पिशवीत घालून जुन्या घरी गेली. थोरले दीर चंद्रपूरच्या वीज केंद्रात कामाला, ते शनिवार-रविवारीही क्वचितच यायचे. प्रणालीनं दार उघडलं, तिला बघितलं आणि बाजूला झाली. बस म्हणाली. पाण्याचा ग्लास आणून ठेवला. चहाचं विचारलं नाही. नागपुरात मे महिन्यात दारी आलेल्याला पाणी कुणीही देतं, आणि ते फक्त तेवढंच होतं.

ऋतुजानं पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. केंद्र, नोटीस, मेंदू, पहारा. फितीत काय ऐकू आलं तेवढं तिनं गाळलं. प्रणाली मांडीवरच्या साडीचा काठ सरळ करत ऐकत होती. ती आधीपेक्षा भरली होती, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. ऋतुजाला ते दिसलं आणि तिनं ते मुद्दाम दुर्लक्षित केलं.

"म्हणजे मी जागायचं आणि तू झोपायचं," प्रणाली म्हणाली.

"सहा रात्री फक्त. तुम्ही तशाही जागत होत्याच ना, ताई. फॉल लावत."

हे बोलायला नको होतं, हे ऋतुजाला वाक्य संपायच्या आत कळलं. प्रणालीनं सुई काठात टोचून ठेवली.

"मी काहून जागत होती, माहीत आहे तुला?"

ऋतुजानं पाण्याचा ग्लास उचलला.

"पाचवीच्या दिवशी तू जे बोलली नं, त्या दिवसापासून. डोळा मिटला की तेच ऐकू यायचं. भिंतीपलीकडे तू, तुझं पोरगं, आणि अलीकडे माझी सावली. पडून राहण्यापेक्षा म्हटलं काम करावं. नऊ वर्षं लावले मी फॉल. तू गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी दहाला झोपली ते पाचला उठली. तुझे भाऊजी आले होते, ते घाबरून गेले, नाडी बघून राहिले होते माझी. आता दोन वर्षं झाली, रोज झोपते. रात्रीचं काम घेतच नाही मी."

बाहेर कूलरमध्ये पाणी ओतायचा आवाज आला. ऋतुजानं खाली बघत सांगितलं, की तेव्हा ती वेडी झाली होती, बाळ निळं पडत होतं, भीतीपोटी माणूस काहीही बोलतो. चूक झाली, माफ करा, असंही ती म्हणाली. शब्द बरोबर होते. तिच्या हातात तोपर्यंत तो कागदही आला होता, पिशवीतून कधी काढला ते तिचं तिलाच कळलं नाही.

प्रणालीनं कागदाकडे बघितलं. "माफी नको मागू. ती घेतली तर मला तुझ्याशी पुन्हा बोलावं लागेल, सणावारी यावं-जावं लागेल. ते नाही होणार माझ्यानं. पेन दे."

ऋतुजाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"सही करून राहिली आहे मी. तू त्या खुर्चीवर पेंगशील, अन् कुणाचं तरी बाळ मरेल. मग घरात कुणीतरी म्हणेल, प्रणालीनं नाही म्हटलं म्हणून. पुन्हा माझंच नाव येईल, बाळाच्या वाईटाला. ते ओझं मी नाही घेत." तिनं सही केली आणि तारीख घातली. "सहा म्हणजे सहा. सातव्या रात्री मला तुझा श्वासही ऐकू आला नाही पाहिजे."

सोमवारी दोन्ही घरांत यंत्रं बसली. ऋतुजाच्या उशाला एक, प्रणालीच्या खोलीत एक, आणि पहारेकरी खरोखर जागा आहे हे कळावं म्हणून प्रणालीच्या मनगटालाही एक पट्टी. पहिल्या रात्री ऋतुजा ताठ पडून होती. पलीकडून दोरा ओढल्याचा बारीक आवाज आला, मग कात्री. खट्‌. या बाईसमोर झोपायचं तरी कसं, असं तिच्या मनात आलं. त्यापुढचं तिला आठवलं ते साडेसहाच्या उन्हाचं.

चार रात्री अशाच गेल्या. पावणेतीन कधी येऊन गेले, पत्ता नाही. शुक्रवारी तिनं एकाच वेळी आठही विमानं वादळाच्या कडेकडेनं आणून उतरवली, आणि साहेबांनी सर्वांसमोर तिची पाठ थोपटली. तिला भूक लागायला लागली. अन्वयवर ओरडणं थांबलं. पाचव्या रात्रीनंतर, शनिवारी, ती डॉक्टरांकडे गेली तेव्हा गुणगुणत होती.

चांदूरकरांनी तिची नोंद दाखवली. एकदम स्वच्छ. शेजारीच दुसरी रेघ होती, ती कुणाची म्हणून तिनं विचारलं. पहारेकऱ्याची, डॉक्टर म्हणाले. त्यांनी दिवसा झोपून घ्यावं अशी सूचना असते. या बाई दिवसाही झोपलेल्या दिसत नाहीत. पाच दिवसांत मिळून नऊ तास, तेही तुटक. नाडी चढलेली आहे. पण संमतीपत्रावर सही आहे, आणि आता एकच रात्र राहिली आहे. ते हे सगळं हवामान सांगावं तसं सांगत होते. नंतर पुन्हा झोपू लागतील ना त्या, ऋतुजानं विचारलं. काही जण लागतात, काही नाही लागत, असं म्हणून त्यांनी फाइल मिटली.

सहाव्या रात्री तिनं साडेदहाला पाठ टेकली नाही. ती यंत्राजवळ बसून राहिली. सतरा वेळा तरी कात्री वाजली असेल. शरम म्हणजे काय, हे ऋतुजाला त्या रात्री नीट कळलं. आपण अकरा वर्षांपूर्वी एका माणसाची झोप नेली होती. ते माणूस मोठ्या मुश्किलीनं सावरलं, आणि आपण दार वाजवून ती पुन्हा मागून आणली. यंत्र आत्ता बंद केलं तर खुर्ची जाईल. जाऊ दे. तिनं बटणावर बोट ठेवलं आणि मग, सांगून बंद करावं म्हणून, यंत्राजवळ तोंड नेलं.

"ताई. झोपा आता. मी बंद करते आहे हे."

पलीकडे दोरा ओढायचा आवाज थांबला.

"कशाला?" प्रणालीचा आवाज कोरडा होता.

"तुमची रेघ पाहिली मी आज. मला नको ते प्रमाणपत्र. तुम्ही झोपा."

"तू दार वाजवायच्या आधी मी झोपतच होती." कात्री वाजली. "पाच रात्री गेल्या माझ्या. आता तुला दया आली म्हणून त्या पाण्यात टाकू मी? मग पुढच्या महिन्यात पुन्हा कागद घेऊन येशील. हात लावू नको त्याला. गुमान पड, झोप, तुझा कागद घे अन् सोड मला."

"मला नाही येणार झोप आता, ताई. खरंच नाही येणार."

पलीकडे दोरा पुन्हा ओढला जाऊ लागला.

ऋतुजानं बटणावरचं बोट काढलं. ती आडवी झाली, ती फक्त त्या बाईनं सांगितलं म्हणून. डोळे उघडे ठेवायचे, तिनं ठरवलं. निदान एक रात्र तिच्याबरोबर जागायचं. प्रमाणपत्र गेलं तर गेलं, पण उद्या रेघेवर दिसेल, की ऋतुजा बोरकुटेलाही काही वाटलं. नऊ वर्षं ती भिंतीपलीकडे जागी होती, आपल्याच्यानं सात तास निघणार नाहीत? तिनं नखं तळहातात रुतवली. पलीकडे प्रणाली खाकरली. कात्री फरशीवर ठेवल्याचा आवाज आला.

सकाळी साडेसहाला केंद्राकडून संदेश आला होता. सात तास दहा मिनिटं. अखंड.